घरचा बँडमास्तर, बाहेरचा कंडक्टर: ब्रिटनच्या युवा ब्रास बँडची पार्श्वभूमी

ब्रिटनच्या ब्रास बँडमध्ये शंभरेक वर्षं एक वाटणी चालत आली होती. बँडमास्तर घरचा आणि कंडक्टर, म्हणजे वादकांपुढे काठी हलवून वाजवून घेणारा, बाहेरचा. बँडमास्तर गावातलाच असायचा, दिवसभर गिरणीत किंवा खाणीत राबून संध्याकाळी बँडरूमचं कुलूप उघडणारा. पोरांना कॉर्नेट हे ट्रम्पेटसारखं छोटं पितळी वाद्य धरायला शिकवणं, फाटलेले स्वरलेखनाचे कागद पुन्हा हाताने उतरवून काढणं, कोण आजारी आहे आणि कोण रुसून बसलाय याची खबर ठेवणं, सगळं त्याच्याकडे. स्पर्धा तोंडावर आली की मग आगगाडीने 'प्रोफेशनल', म्हणजे हा बाहेरचा कंडक्टर, यायचा. त्याची बिदागी आधीच ठरलेली. थोड्याशा तालमींत तो बँडला धार लावायचा. स्पर्धेच्या मंचावर काठी त्याच्या हातात, आणि बक्षीस मिळालं की नावही त्याचंच.

मुलांचा बँड मात्र कायम बँडमास्तरच्याच गळ्यात. त्यामुळे हा इतिहास शोधायला बसलं की पंचाईत होते. स्पर्धा जिंकून देणाऱ्यांची चरित्रं मिळतात; त्या स्पर्धांत वाजवणारी पोरं ज्यांनी तयार केली त्यांची नावं क्वचित मिळतात. १९५२ साली राष्ट्रीय युवा ब्रास बँड उभा राहिला तेव्हा ही दोन कामं पहिल्यांदाच इतक्या ठळकपणे एका जागी आली. त्याआधी काय काय घडलं ते पाहायला हवं.

आपल्याकडे ब्रास बँड म्हटलं की वरात आठवते, आणि वरातीच्या बँडमध्ये क्लॅरिनेट, सॅक्सोफोन असं बरंच काही असतं. ब्रिटिश ब्रास बँडचं सोवळं कडक आहे. लाकडी वाद्याला तिथे प्रवेश नाही. कॉर्नेट, फ्लूगलहॉर्न, टेनर हॉर्न, बॅरिटोन, युफोनियम, ट्रॉम्बोन आणि बास, मिळून पंचवीसेक वादक. तालवाद्यांना स्पर्धेत जागा मिळाली तीही १९७० च्या आसपास. हे सगळं शक्य झालं ते व्हॉल्व्हमुळे, म्हणजे बोटाने दाबून स्वर बदलायच्या झडपांमुळे. १८१८ मध्ये बर्लिनमध्ये पितळी वाद्यांसाठीच्या व्हॉल्व्हचं पेटंट घेतलं गेलं. १८४४ मध्ये जॉन डिस्टिन आणि त्यांचे मुलगे पॅरिसमध्ये अडॉल्फ सॅक्स यांना भेटले आणि त्यांची सॅक्सहॉर्न ही वाद्यं घेऊन ब्रिटनभर वाजवत फिरले. बाप मध्ये, पोरं आजूबाजूला. घराघरातून बँड उभा राहू शकतो हे लोकांनी पहिल्यांदा पाहिलं ते बहुधा अशा कुटुंबांमुळेच.

पुढचं भराभर घडलं. १८५३ मध्ये मँचेस्टरच्या बेल व्ह्यू बागेत पहिली मोठी स्पर्धा झाली, आठ बँड उतरले आणि मॉसली गावचा बँड जिंकला. १८५५ मध्ये यॉर्कशायरच्या क्वीन्सबरी गावात जॉन फॉस्टर या गिरणीमालकाने तिथल्या बँडला आसरा दिला. तोच आजचा ब्लॅक डाइक. मालकांना वाटे, कामगार गुत्त्यात बसण्यापेक्षा बँडरूममध्ये बसलेला बरा. (तालीम संपल्यावर तो कुठे जायचा, हे मालकांना ठाऊक नव्हतं असं नाही.)

मुलांचे बँड मात्र आधी गिरणीत नव्हे, तर अनाथाश्रमांत, औद्योगिक शाळांत आणि सुधारगृहांत वाढले. कारण सरळ व्यवहाराचं होतं. लष्कराच्या बँडला वादक हवे असत आणि संस्थांना पोरांची सोय लावायची असे. बारा-तेरा वर्षांचा मुलगा वाद्य वाजवत असेल तर पलटणीत त्याची भाकरी पक्की. मँचेस्टरजवळच्या स्विंटनच्या अशाच शाळेत वाढलेला एक अनाथ मुलगा पुढे अलेक्झांडर ओवेन म्हणून गाजला. ओवेन, जॉन ग्लॅडनी आणि एडविन स्विफ्ट या तिघांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत 'बाहेरचा कंडक्टर' हा पेशाच उभा केला. ग्लॅडनी मँचेस्टरच्या हॅले वाद्यवृंदातले क्लॅरिनेटवादक. त्यांनी मेल्थम मिल्स बँडला १८७६, १८७७ आणि १८७८ असं लागोपाठ तीनदा बेल व्ह्यूचं बक्षीस मिळवून दिलं. स्विफ्ट मुळात विणकर, मागावरून उठून आलेले. हे तिघे एकाच वेळी अनेक बँड सांभाळत. एकाच स्पर्धेत एकमेकांविरुद्ध उतरलेल्या बँडपुढे तोच माणूस काठी घेऊन उभा, असंही व्हायचं, आणि त्यात कुणाला फार वावगं वाटत नसे.

बँडची ठेवण आजही बव्हंशी या तिघांच्या काळातली आहे. त्यातली एक सोय मुलांच्या बँडसाठी फार मोलाची ठरली. बास ट्रॉम्बोन सोडला तर सगळी स्वरवाद्यं एकाच ट्रेबल क्लेफमध्ये, म्हणजे स्वरलेखनाच्या एकाच पद्धतीत, वाचतात, आणि व्हॉल्व्हच्या वाद्यांवर लिहिलेल्या एका स्वराला बोटं तीच पडतात. छोट्या कॉर्नेटवर शिकलेली मुलगी उद्या टेनर हॉर्नवर बसू शकते, परवा भल्या मोठ्या बासवर. बासवाला पोरगा गाव सोडून गेला की बँडमास्तर तिसऱ्या कॉर्नेटच्या रांगेकडे नजर टाकतो आणि जरा दांडगा दिसणारा मुलगा उचलून त्या जागी बसवतो. ओठांची ठेवण बदलावी लागते, फुंकर जास्त लागते, पण वाचन पहिल्यापासून शिकवावं लागत नाही. एक माणूस वीस-पंचवीस मुलांना एकटा शिकवू शकतो तो या सोयीच्या जोरावर. वाद्यवृंदाच्या शिक्षकाला ही चैन नाही.

शिकवण्याची रीतही फार बदललेली नाही. दुधाचे पुढचे दात पडून पक्के आले की, म्हणजे आठ-नऊ वर्षांच्या आसपास, मूल वाद्याला लागतं. आधी नुसत्या माउथपीसमध्ये, म्हणजे वाद्याच्या तोंडाला लावायच्या सुट्या भागात, ओठ थरथरवून सूर काढायचा. मग तीन-चार स्वर. मग थेट मोठ्यांच्या शेजारी मागच्या रांगेत. तालमीची सुरुवात बहुतेक ठिकाणी चर्चमधल्या संथ भजनाने होते, आणि त्यासाठीचं लाल मुखपृष्ठाचं पातळ पुस्तक बँडरूममध्ये हमखास सापडतं. यात धर्माचा भाग कमी आणि श्वासाचा जास्त. लांब ओळ एका दमात न्यायची, शेजाऱ्याच्या सुरात आपला सूर मिसळायचा. अशा वेळी अनुभवी बँडमास्तर काठी खाली ठेवतो आणि रांगांमधून नुसता फिरतो. कोण गाल फुगवतोय, कोण नुसतंच वाद्य तोंडाला लावून बसलाय, हे समोर उभं राहून कळत नाही.

या सगळ्या काळात एका संस्थेत घरचा-बाहेरचा हा भेद शिरलाच नाही. ती म्हणजे साल्व्हेशन आर्मी, आपल्याकडची मुक्तिफौज. १८७८ मध्ये सॅलिसबरीचे बांधकाम व्यावसायिक चार्ल्स फ्राय आणि त्यांचे तीन मुलगे रस्त्यावरच्या सभांमध्ये पितळी वाद्यं वाजवू लागले, आणि फौजेच्या बँडची सुरुवात तिथूनच मानतात. हे लोण आपल्या किनाऱ्यालाही लागलं. सप्टेंबर १८८२ मध्ये फ्रेडरिक टकर यांची चार जणांची तुकडी मुंबईत उतरली, आणि वाद्यं वाजवत मिरवणुका काढल्याबद्दल पोलिसांनी त्यांना पकडलंही. फौजेचे बँड स्पर्धेत उतरत नाहीत. स्पर्धा नाही म्हणजे बाहेरचा कंडक्टरही नाही. बँडमास्तर एकच, आणि त्याच्या हाताखाली मुलांच्या बँडचा वेगळा प्रमुख, रीतसर नेमलेला. मुलांचा बँड चालवणं ही स्वतंत्र जबाबदारी आहे, हे फौजेने गिरणी-बँडांच्या कितीतरी आधी ओळखलं होतं. ब्रिटनच्या युवा बँडच्या कंडक्टरांच्या मागे साल्व्हेशन आर्मीचं घर वारंवार निघतं, त्याचं मला नवल वाटत नाही.

गिरणी-बँडांच्या बाजूला दुसरी एक शाळा होती, घराण्याची. हॅरी मॉर्टिमर यांचे वडील फ्रेड हे दक्षिणेकडच्या लूटन गावच्या बँडचे बँडमास्तर. १९२३ मध्ये त्या बँडने लंडनच्या क्रिस्टल पॅलेसची राष्ट्रीय स्पर्धा जिंकून उत्तरेकडच्यांचं नाक कापलं. हॅरी किशोरवयातच तिथल्या मुलांच्या बँडपुढे काठी घेऊन उभे राहिले होते. पुढे ते या क्षेत्रातले सर्वांत प्रसिद्ध कॉर्नेटवादक आणि कंडक्टर झाले. मुली मात्र बराच काळ दाराबाहेर होत्या. ओवेन यांच्या स्मरणार्थ तरुण वादकांसाठी शिष्यवृत्ती सुरू झाली होती. ती पहिल्यांदा एका मुलीने मिळवली १९४२ मध्ये, खाणकामगाराची मुलगी ग्रेसी कोल हिने. तोवर युद्धाने जागा रिकाम्या केल्या होत्या. वादक आघाडीवर गेले आणि बँड चालू ठेवायचा तर शाळकरी मुलामुलींना पुढच्या खुर्च्यांवर बसवण्यावाचून बँडमास्तरांना गत्यंतर नव्हतं.

युद्धानंतर डेनिस राइट यांनी ही गोष्ट तडीला नेली. राइट गिरणीतले नव्हते, खाणीतलेही नव्हते. १८९५ मध्ये लंडनला जन्मलेले, पेशाने शाळेतले संगीतशिक्षक. १९२५ मध्ये त्यांची 'जोन ऑफ आर्क' ही रचना राष्ट्रीय स्पर्धेची ठरीव रचना, म्हणजे सगळ्या बँडांनी वाजवायची रचना, म्हणून निवडली गेली आणि ते या जगात ओढले गेले. पुढे बीबीसीत ब्रास आणि मिलिटरी बँडच्या कार्यक्रमांची जबाबदारी त्यांच्याकडे आली. बँडच्या लोकांना त्यांनी बाहेरून पाहिलं होतं, म्हणूनच त्यांना एक गोष्ट खटकली असणार: गावोगावची हुशार मुलं आपापल्या बँडमास्तरपलीकडे कुणालाच भेटत नव्हती. १९५२ च्या ईस्टरच्या सुट्टीत ब्रॅडफर्डमध्ये त्यांनी देशभरातून निवडलेल्या मुलांचं पहिलं शिबिर भरवलं. साधारण आठवडाभर एकत्र राहायचं, दिवसा वाद्यवार गटांत शिकायचं, मग सगळ्यांनी मिळून वाजवायचं आणि शेवटी जाहीर कार्यक्रम. नामांकित वादक गटांना शिकवणार आणि कंडक्टर पहिल्या दिवसापासून तिथेच राहणार. बाहेरचा माणूस घरच्यासारखा राबतोय, असं चित्र बँडवाल्यांनी फारसं पाहिलेलं नव्हतं.

१९६७ मध्ये राइट गेले. त्यानंतर सूत्रं आली जेफ्री ब्रँड यांच्याकडे, पुढे आर्थर बटरवर्थ आणि १९८४ पासून रॉय न्यूसम यांच्याकडे. यातली ब्रँड आणि न्यूसम ही जोडी मोठी गमतीची. साठीच्या दशकाच्या अखेरीपासून दोघे एकाच वेळी ब्लॅक डाइकमध्ये होते: ब्रँड बाहेरचे प्रोफेशनल, पूर्वी बीबीसीत काम केलेले, आणि न्यूसम घरचे बँडमास्तर, यॉर्कशायरच्या एलंडमध्ये वाढलेले. जुनी वाटणी जशीच्या तशी. पण मुलांच्या बँडपुढे दोघांना एकच काम करावं लागलं. न्यूसम यांनी सोळा-सतरा वर्षं ते केलं. सॅल्फर्डमध्ये ब्रास बँडचं पदवी शिक्षण रुजवण्यातही त्यांचा हात होता. विशेष म्हणजे साठी उलटल्यावर त्यांनी उत्तर इंग्लंडमधल्या एकोणिसाव्या शतकातल्या बँडांवर डॉक्टरेट केली. ज्यांची नावं राहून जातात त्या बँडमास्तरांपैकीच एकाने त्यांचा इतिहास लिहिला, हे मला त्यांनी जिंकलेल्या कुठल्याही चषकापेक्षा मोठं वाटतं.

न्यूसम यांच्यानंतर एल्गर हॉवर्थ आले. वडिलांच्याच बँडमध्ये ते लहानपणी वाजवत. पुढे मँचेस्टरला हॅरिसन बर्टविसल यांच्यासारख्या नव्या वळणाच्या संगीतकारांबरोबर शिकले आणि १९७८ मध्ये स्टॉकहोमला संगीतकार लिगेटींच्या 'ल ग्रां माकाब्र' या ऑपेराचा पहिला प्रयोग त्यांनीच कंडक्ट केला. ग्राइमथॉर्पच्या खाणकामगारांच्या बँडकडून त्यांनी बर्टविसल यांची रचना वाजवून घेतली होती, तेव्हा मुलांना सोपं सोपं देत बसणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. त्यांच्यानंतरचे ब्रॅमवेल टोव्ही साल्व्हेशन आर्मीच्या घरातले, ट्यूबावादक. २००० ते २०१८ ते कॅनडात व्हँकुव्हर सिंफनीचे संगीत दिग्दर्शक होते, आणि तरी सुट्ट्यांतल्या शिबिरांसाठी अटलांटिक ओलांडून यायचे. जुलै २०२२ मध्ये त्यांचं निधन झालं. त्यांच्या जागी आलेले मार्टिन ब्रॅबिन्स २०१६ ते २०२३ या काळात इंग्लिश नॅशनल ऑपेराचे संगीत दिग्दर्शक होते. लहानपणी टाउस्टरच्या बँडमध्ये युफोनियम वाजवायला शिकलेले.

राष्ट्रीय बँडची ही नावं मोठी आहेत, पण तिथे येणारी मुलं अजूनही गावच्या बँडरूममधूनच येतात. आणि गावचं चित्र १९८० नंतर पार पालटलं. खाणी बंद पडल्या. खुद्द ग्राइमथॉर्पची खाण १९९३ मध्ये बंद झाली. गिरण्या तर त्याआधीच गेल्या होत्या. बँडला जागा आणि वाद्यं पुरवणारा मालक उरला नाही. स्थानिक प्रशासनाच्या पैशातून शाळाशाळांत फिरून वाद्य शिकवणारे शिक्षकही कमी होत गेले. मग वादक आणायचे कुठून? तर स्वतः तयार करायचे. पूर्वी मुलांचा बँड ही हौस होती, आता तो नसेल तर दहा वर्षांनी मोठा बँडच उरत नाही. आज मुलांपुढे काठी घेऊन उभा असतो तो बहुतेकदा त्याच बँडमधला दुसरा हॉर्नवाला, किंवा दिवसा शाळेत शिकवणारी कॉर्नेटवादक बाई. बहुतेकांना मानधन नाही, असलं तरी किरकोळ. मुलांबरोबर काम करायचं म्हणून पोलिसांची नोंद तपासून घ्यायची, पालकांच्या परवानग्या जमवायच्या, उसनी वाद्यं कुणाच्या घरी आहेत याची वही ठेवायची. पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणानंतरच्या शुक्रवारी सॅडलवर्थच्या डोंगरी गावांमध्ये मार्चच्या स्पर्धा होतात, पडद्याआड बसलेल्या परीक्षकापुढे मुलांचे बँडही वाजवतात. मुलांना बसमधून एका गावातून दुसऱ्या गावात नेणं, कुणाचं माउथपीस बसमध्ये राहिलं का ते बघणं, आणि लगेच उभं राहून पहिला ठोका देणं, हे सगळं त्या एकाच माणसाकडे असतं.