पाच टप्पे आणि आखाजीची घागर
आमच्या खान्देशात कोणी गेलं की लोक सांत्वनाला त्याच्या घरी, म्हणजे दारावर जातात, छापील पत्रिकेत त्यालाच द्वारदर्शन म्हणतात, मग दहावं, गंधमुक्ती (सुतक संपल्याचा विधी), आणि पुढे आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली की गेलेल्याच्या नावाने घागर भरायची, तिच्यावर डांगर (खरबूज) ठेवायचं, निखाऱ्यावर आगारी, म्हणजे नैवेद्याचे घास, टाकायची. म्हणजे रडायला माणसंही ठरलेली आणि दिवसही.

शास्त्र इकडे बरंच उशिरा वळलं. १९१७ मध्ये मनोविश्लेषण मांडणाऱ्या फ्रॉइडने मांडलं की शोक हे मनाचं एक कामच आहे, गेलेल्यात गुंतलेला जीव हळूहळू सोडवून घ्यायचा. मग २८ नोव्हेंबर १९४२ ला बोस्टनमध्ये कोकोनट ग्रोव्ह नाइटक्लबला आग लागली, ४९२ माणसं गेली, आणि एरिक लिंडेमन या डॉक्टरने तिथले जखमी, नातेवाईक आणि असेच इतर लोक यांच्याशी बोलून १९४४ मध्ये शोकाच्या लक्षणांवर पेपर लिहिला. घसा आवळतो, दम लागतो, जेवण मातीसारखं लागतं, आपलंच काहीतरी चुकलं असं वाटत राहतं. आमच्याकडच्या बाया एवढंच म्हणतात, घास उतरत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर शोकाचे पाच टप्पे फिरतात, नकार, राग, घासाघीस, निराशा आणि स्वीकार, ते डॉक्टर कुबलर-रॉसबाईंचे, १९६९ चे, पण ते मुळात मरणाच्या दारातल्या पेशंटशी बोलून काढलेले होते, मागे राहिलेल्यांना ते नंतर लावले गेले. त्यामुळे "मला अजून राग कसा नाही आला" असलं टेन्शन कोणी घेऊ नये खरंतर.

१९९६ मध्ये क्लास, सिल्व्हरमन आणि निकमन या अभ्यासकांनी फ्रॉइडच्या उलट सांगितलं, की गेलेल्याशी नातं तोडायची गरजच नाही, ते वेगळ्या रूपात चालू राहतं. मला तर लगेच घागरच आठवली!

पण अचानक आलेल्या मरणाचं तसं नाही. धक्क्याने होणाऱ्या मानसिक आजाराला, पीटीएसडीला, मानसिक आजारांच्या अमेरिकन यादीत १९८० मध्ये जागा मिळाली, लांबलेल्या शोकाला तर २०२२ मध्ये, तोही मरणाला वर्ष उलटल्यावरच आजार धरतात (जागतिक आरोग्य संघटना सहा महिने धरते). आमच्या ओळखीतला एक तरणा पोरगा हायवेवर गेला तेव्हा दारावर येणारा जो तो बापाला "कसं झालं?" विचारायचा आणि बाप दर वेळी पहिल्यापासून सांगायचा, शेवटी चौथ्या दिवशी बापाच्या मोठ्या भावाने दारातच खुर्ची टाकली आणि आल्या माणसाला तोच सांगायला लागला.