एक्क्यांची जोडी हरते तेव्हा: फुटके नशीब आणि फसलेला डाव

घरगुती पोकरच्या बैठकीत, आणि घरगुती पोकर म्हणजे आपल्याकडे बहुधा टेक्सस होल्डेमच, हातात एक्क्यांची जोडी येऊनही डाव गेला की हरणारा पाने टेबलावर आपटतो आणि म्हणतो, "माझे नशीबच फुटके." काही वेळा त्याचे म्हणणे शब्दशः खरे असते. मात्र बरेचदा नशिबाने त्या डावात विशेष काहीच केलेले नसते. डाव त्याने स्वतःच, थोडा थोडा करून, समोरच्याच्या पदरात टाकलेला असतो. या दोन पराभवांत शेवटचे दृश्य अगदी सारखे असते, तेच एक्के आणि तेच शेवटचे दुष्ट पान, त्यामुळे दोन्ही एकाच खात्यात जमा होतात.

या गल्लतीचे मूळ तीन पत्तीत असावे, असे मला वाटते. दिवाळीत तीन पत्ती खेळत मोठे झालेल्या माणसाला वाटलेली पाने म्हणजे पूर्ण झालेला डाव, हीच सवय असते. तीन पानांच्या एकूण २२,१०० जुळण्या होतात आणि त्यांपैकी ट्रेल, प्युअर सिक्वेन्स, सिक्वेन्स व कलर मिळून अवघ्या १,९१६ जुळण्या जोडीच्या वर असतात, म्हणजे शंभरात नऊही नाहीत. तिथे एक्क्यांची जोडी आल्यावर निर्धास्तपणे चाल वाढवणाऱ्याचे फारसे चुकत नाही, कारण पाने वाटून झाली की त्यांत बदल संभवत नाही. होल्डेममध्ये सात पानांतून सर्वोत्तम पाच निवडायची असतात आणि हातात आलेली दोन पाने ही त्या सातातली पहिली दोनच असतात; उरलेली पाच सर्वांच्या समान मालकीची आणि अजून गड्डीत दडलेली. ती टप्प्याटप्प्याने उघडतात: आधी एकदम तीन (फ्लॉप), मग चौथे (टर्न) आणि शेवटी पाचवे (रिव्हर). (शब्दही फसवतात. तीन पत्तीत 'ब्लाइंड' म्हणजे पाने न बघता खेळणे, तर पोकरमध्ये 'ब्लाइंड' म्हणजे पाने वाटण्यापूर्वी दोघांनी सक्तीने लावायची रक्कम.)

आता आकडे. समोर एकच खेळाडू असेल, त्याच्याकडे कोणतीही दोन पाने असतील आणि पाचही पाने उघडेपर्यंत दोघे टिकून राहिले, तर एक्क्यांची जोडी शंभरात साधारण ८५ वेळा जिंकते. समोर दोघे असतील तर ७३ वेळा, तिघे असतील तर ६४, चौघे असतील तर ५६ आणि पाच जण असतील तर जेमतेम ४९ वेळा. म्हणजे ज्या बैठकीत सगळेच जण "बघू तरी काय येते" म्हणत फ्लॉपपर्यंत येतात, तिथे एक्के हरणे हा अपवाद उरत नाही. एक्के वाईट झाले असा याचा अर्थ नव्हे. सहा जणांत प्रत्येकाचा सरासरी वाटा १७ टक्क्यांच्या आसपास असताना ४९ टक्के हा घसघशीत वाटा आहे. मात्र जे दोनांतून एकदा घडते, त्याला दुर्दैव म्हणता येत नाही.

फरक नीट दिसावा म्हणून एकच पाने दोन प्रकारे खेळून पाहू. तुमच्याकडे इस्पिक व चौकट या दोन रंगांचे एक्के आहेत. समोरच्याकडे बदामचा राजा आणि बदामची छक्की. फ्लॉपवर येणार आहे बदामचा गुलाम, बदामची अठ्ठी आणि किलवरची चौकी. टर्नवर इस्पिकची दुर्री. आणि रिव्हरवर बदामची तिर्री, जिने समोरच्याचा फ्लश, म्हणजे एकाच रंगाची पाच पाने, पूर्ण होईल. ब्लाइंड ५ आणि १० चिप्सचे (पैशांच्या जागी लावायच्या चकत्यांचे) असून प्रत्येकाकडे ५०० चिप्स आहेत.

पहिल्या वेळी तुमच्या आधी दोघांनी १०-१० चिप्स लावून प्रवेश केला आहे, तुम्ही ६० पर्यंत रेज करता, म्हणजे रक्कम वाढवता, आणि त्या दोघांपैकी एकच जण, बदामवाला, टिकतो. पॉट, म्हणजे मध्ये जमलेली रक्कम, १४५ चिप्सचा होतो (दोघांचे ६०-६०, सोडून गेलेल्याचे १० आणि ब्लाइंडचे १५). फ्लॉपवर तुम्ही १०० लावता. आपल्याला बदाम हवा आहे हे समोरच्याला ठाऊक आहे. त्याला न दिसलेल्या ४७ पानांत नऊ बदाम उरले आहेत, म्हणजे पुढचे पान बदाम असण्याची शक्यता १९ टक्के. २४५ चिप्स मिळवण्यासाठी १०० घालणे परवडायला मात्र २९ टक्के (३४५ मध्ये १००) शक्यता हवी. तरीही तो येतो. दुर्रीवर तुम्ही उरलेल्या सगळ्या ३४० चिप्स पुढे सरकवता, तोही सरकवतो. त्या क्षणी दोघांची पाने उघडी केली, तर उरलेल्या ४४ पानांपैकी नऊ त्याची आणि ३५ तुमची आहेत. अशी वेळ शंभरदा आली तर सुमारे ऐंशी वेळा १,०२५ चिप्सचा पॉट तुम्हीच उचलाल. नंतर तिर्री येते, तुम्ही ५०० चिप्स गमावून रिकामे होता, आणि हे खरोखरच फुटके नशीब असते. पुढच्या वेळी यात काहीही बदलायचे कारण नाही.

दुसऱ्या वेळी तुम्ही एक्के लपवायचे ठरवता, कारण एवढी चांगली पाने आली आणि सगळे पळून गेले तर काय उपयोग, ही भीती घरगुती खेळात फार बळकट असते. तुम्ही फक्त १० चिप्स लावता, तुमच्यासह पाच जण आत येतात, पॉट ५० होतो. फ्लॉपवर तुम्ही गळ टाकल्यासारख्या १० लावता. बदामवाल्याला आता ६० मिळवण्यासाठी १० घालायच्या आहेत; त्याला १४ टक्के शक्यता पुरते आणि त्याच्याकडे १९ आहे. त्याच्या मागून आणखी एक जण येतो, पॉट ८० होतो. टर्नवर तुम्ही २० लावता, त्याला १०० मिळवण्यासाठी २० घालायच्या असतात, १७ टक्क्यांना तुम्ही त्याला २० टक्क्यांची संधी विकता. दोन्ही वेळा त्याचे येणे हिशेबाने बरोबर आहे आणि ते तुम्ही बरोबर केलेले आहे. तिसरा आता पाने टाकतो. तिर्री पडते, तो १०० लावतो, तुम्ही "एक्के कसे सोडायचे" म्हणून कॉल करता, म्हणजे तेवढीच रक्कम लावता, आणि एकूण १४० चिप्स घालवून बसता.

गंमत अशी की, चुकीने खेळलेल्या डावात १४० चिप्स गेल्या आणि बरोबर खेळलेल्या डावात पाचशे. कोणत्या पराभवाने जास्त झोंबते यावरून कोणता पराभव चुकीचा हे ठरवणारा माणूस म्हणूनच नेमका उलटा धडा घेतो: पुढच्या वेळी तो एक्के घेऊन आणखी हळू खेळतो. दोन पराभवांतला भेद रिव्हरच्या पानात शोधायचा नसतो. चिप्स मध्ये गेल्या त्या क्षणी समोर किती जण होते आणि त्यांना येणे किती स्वस्त पडले, एवढेच पाहायचे असते.

दुसऱ्या डावातला शेवटचा कॉल हा तर वेगळाच दोष आहे. रिव्हरवर तुमच्याकडे एक जोडी होती, बस्स; तीन बदाम टेबलावर होते, आणि दोन फेऱ्या मुकाट्याने मागे मागे येणारा माणूस एकाएकी मोठी रक्कम लावत होता. तीन पत्तीत जोडीवर पॅक करणे, म्हणजे पाने टाकून देणे, जड जाते, तोच जडपणा इथे येतो. घरगुती बैठकीत थापा मारणारे असतात, नाही असे नाही. पण दोन वेळा नुसता कॉल करून शेवटी अचानक जागा झालेला खेळाडू थाप मारतो आहे, यावर मी तरी शंभर चिप्स लावणार नाही.

सगळेच पराभव असे सरळ दोन कप्प्यांत बसत नाहीत. राजांची जोडी घेऊन सगळ्या चिप्स लावल्या आणि समोर एक्क्यांची जोडी निघाली, तर जिंकण्याची शक्यता १८ टक्क्यांच्या आसपास असते; पण पाच प्रतिस्पर्ध्यांपैकी कोणाकडे एक्के असण्याचा योग चाळीसात एकदाच येतो, तेव्हा तो पराभव निर्धास्तपणे नशिबावर ढकलावा. त्याच राजांच्या जोडीला फ्लॉपवर एक्का दिसण्याचे प्रमाण मात्र २३ टक्के आहे, आणि तो दिसल्यावरही दोघांच्या रेजला जुमानायचे नाही असे ठरवणे हा स्वभावदोष आहे. एक्का-राजा या पानांचे तर नावच मोठे: जोडी नसलेल्या कोणत्याही दोन पानांप्रमाणे फ्लॉपवर त्यांना जोडी साधारण तीनातून एकदाच मिळते.

नशिबाची तक्रार खरी वाटण्यामागे आणखी एक साधे गणित आहे. एक्क्यांची जोडी २२१ डावांत सरासरी एकदा येते. तासाला पंचवीसेक डाव धरले तर पाच तासांच्या बैठकीत ती एकदाही न येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त, सुमारे ५७ टक्के आहे. महिन्यातून एकदा बसणाऱ्याला वर्षभरात ती सहा-सात वेळा भेटते. सगळेच फ्लॉप बघायला येणाऱ्या मंडळीत त्यातले तीन डाव सहज हरले जातात, आणि "माझे एक्के नेहमीच हरतात" यातल्या 'नेहमीच'मध्ये बहुधा हे तीन डाव असतात.