सणाची सुट्टी फक्त मालक ठरवतो?

‘ईद, नाताळ, महावीर जयंती? पगार कापून घ्या!’ सांगलीच्या दुकानांत हे वर्षानुवर्षं ऐकवलं जातं. ते चूक आहे.

महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायदा, २०१७ नुसार २० किंवा जास्त (२०२५ च्या दुरुस्तीआधी १०) कामगार असतील तिथे वर्षाला ८ भरपगारी सुट्ट्या मिळतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या ठरलेल्या. उरलेल्या ४ मालक-कामगारांनी वर्ष सुरू होण्याआधी मिळून ठरवायच्या. अमुक सण हवाच असं कायदा म्हणत नाही, म्हणूनच गप्प बसणाऱ्याचा सण यादीतून सुटतो. नोव्हेंबरातच सह्यांसह लेखी मागणी द्या, पोच घ्या. ईदेपुढे ‘चंद्रदर्शनानुसार’ लिहा, नाहीतर तारीख सरकली की सुट्टी हुकते. तरीही सण यादीत आला नाही, तर ८ दिवसांची भरपगारी किरकोळ रजा आहेच.