मॅल्डी तंत्रातील स्फटिकांचे आकारमान

मॅल्डी या मास स्पेक्ट्रोमेट्री (रेणूंचे वस्तुमान मोजण्याच्या) तंत्रात तपासायच्या पदार्थात हजारो पटींनी अधिक मॅट्रिक्स, म्हणजे प्रकाश शोषणारे लहान सेंद्रिय आम्ल, मिसळून तो थेंब धातूच्या पट्टीवर वाळवतात. वाळलेल्या स्फटिकांवर ३३७ किंवा ३५५ नॅनोमीटरच्या लेसरचा स्पंद पडला की मॅट्रिक्सचा वरचा थर उडतो आणि त्याबरोबर प्रथिनांसारखे अवजड रेणूही सहसा न तुटता बाहेर पडतात. फ्रान्झ हिलेनकाम्प आणि मिखाएल कारास यांनी १९८५ पासून हे तंत्र घडवले. मिळणाऱ्या संकेताचा दर्जा स्फटिकांवर बराच अवलंबून असतो.

डीएचबी (डायहायड्रॉक्सीबेंझोइक आम्ल) हे मॅट्रिक्स सावकाश वाळते. थेंबाच्या कडेला लांब सुया वाढतात, मध्यभागी बारीक चुरा उरतो. प्रथिने बहुतांशी सुयांमध्ये सामावतात, क्षार मात्र मध्यभागी साचतात. म्हणून क्षारयुक्त नमुन्याला डीएचबी मानवते. पण लेसर कुठे मारला यावर संकेत ठरतो आणि चांगली जागा हुडकत बसावे लागते. सीएचसीए (सायनो-हायड्रॉक्सीसिनॅमिक आम्ल) या मॅट्रिक्सचे स्फटिक बरेच बारीक असतात. ते ॲसिटोनमध्ये विरघळवून पसरले, तर द्रावक क्षणात उडून पातळ, एकसारखा थर बसतो. पेप्टाइडांसाठी, म्हणजे प्रथिनांच्या लहान साखळ्यांसाठी, हा थर सोयीचा.

बारीक स्फटिक सरस का ठरतात? मोठ्या स्फटिकांत उष्णता मुरून वाया जाते, हे स्पष्टीकरण मोहक असले तरी अपुरे आहे. स्पंद जेमतेम काही नॅनोसेकंदांचा असतो; तेवढ्या वेळात उष्णता काही दशक नॅनोमीटरच सरकते. मायक्रोमीटरांत मोजल्या जाणाऱ्या स्फटिकाचा खालचा भाग त्या क्षणी थंडच राहतो. खरा फरक पडतो तो रेणूंच्या विखुरणीमुळे आणि पृष्ठभागाच्या उंचसखलपणामुळे. उड्डाणकाल विश्लेषकात आयन, म्हणजे विद्युतभारित रेणू, किती वेळात पोहोचला यावरून वस्तुमान काढतात. एक आयन सुईच्या टोकावरून आणि दुसरा तळाजवळून निघाला, तर सारख्याच वस्तुमानाच्या आयनांच्या वेळा जुळत नाहीत. आलेखातले त्या वस्तुमानाचे शिखर रुंदावते, मापनही थोडे घसरते. विलंबित निष्कर्षण, म्हणजे आयनांना ओढणारे विद्युतक्षेत्र किंचित उशिरा लावणे, हा उपाय मुख्यतः आयनांच्या सुरुवातीच्या वेगांतील फरक भरून काढतो, उंचीतला फरक पूर्णपणे नाही. आयन आडव्या दिशेने ढकलणाऱ्या काटकोनी रचनेच्या यंत्रांना हा त्रास फारसा होत नाही.

ऊतीच्या कापात कोणता रेणू कुठे आहे हे दाखवणाऱ्या प्रतिमांकनात स्फटिकांच्या आकारमानाचा हाच मुद्दा निर्णायक ठरतो. लेसरचा ठिपका १० मायक्रोमीटरचा आणि स्फटिक ५० मायक्रोमीटरचे असतील, तर प्रतिमेतला बारकावा भ्रामक. त्यासाठी मॅट्रिक्स संप्लवनाने, म्हणजे घनाची थेट वाफ करून, द्रावकाशिवाय बसवतात. स्फटिक सूक्ष्म राहतात आणि रेणू जागचे हलत नाहीत. मात्र द्रावक नसल्याने प्रथिने ऊतीतून मॅट्रिक्समध्ये नीट उतरत नाहीत. म्हणून नंतर द्रावकाच्या वाफेत ठेवून थराचे जपून पुनर्स्फटिकीकरण करतात.