करकरणाऱ्या खडकाचा माग

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप मुंबईतही जाणवला. १९६२ पासून धरणात साठत गेलेल्या पाण्याचा दाब खडकाच्या भेगांत उतरला आणि आधीच ताणलेला खडक सरकला, असं त्यामागचं कारण पुढे बहुतेक अभ्यासकांनी मान्य केलं. १९६७ मध्येच तिकडे अमेरिकेत डेन्व्हरलाही मोठे धक्के बसले. तिथे लष्कराच्या कारखान्याचं सांडपाणी साडेतीन किलोमीटरहून खोल विहिरीत सोडलं जात होतं. १९६६ मध्ये ते थांबवलं, तरी सर्वांत मोठे धक्के बसले ते त्यानंतर, कारण आत गेलेला दाब पसरतच होता. मग १९६९ पासून कोलोरॅडोतल्या रेंजली तेलक्षेत्रात मुद्दाम पाण्याचा दाब वाढवून आणि उतरवून पाहिला. दाब वाढला की भूकंप वाढत, उतरला की शांत होत. मला या साऱ्या इतिहासात हा प्रयोग सर्वांत मोलाचा वाटतो.

द्रवाच्या दाबाने खडक फोडून तेल-वायू काढण्याचा पहिला प्रयोग मात्र त्याआधीचा, १९४७ मधला, कॅन्ससचा. पुढची कित्येक वर्षं भेग नेमकी कुठे गेली, हे कुणालाच दिसत नव्हतं. वरच्या पंपाचा दाब बघायचा आणि विहिरीच्या दोन्ही बाजूंना भेगेचे दोन सरळ पंख गणिताने मांडायचे, एवढंच हाती होतं.

गिरगावातल्या जुन्या चाळीत पावसाळी रात्री तुळई करकरली, की कुठल्या खोलीवरची ते अंथरुणातूनच कळतं. खडक फुटताना उठणाऱ्या बारीक धक्क्यांचा, म्हणजे सूक्ष्मकंपांचा, माग काढण्याची रीत तीच. शेजारच्या विहिरीत जमिनीची थरथर टिपणाऱ्या उपकरणांची, जिओफोनची, माळ सोडतात. खडक किंचित सरकला की दाबाची लहर आधी पोचते, आडवी हलवणारी मागून. दोघींमधल्या वेळेवरून अंतर कळतं, आधीच्या लहरीने जिओफोन कुठल्या रोखाने हलवला त्यावरून दिशा. विहिरीच्या आतल्या पोलादी आवरणनळीला भोकं पाडण्यासाठी केलेल्या स्फोटाची जागा ठाऊक असते, म्हणून त्याच्या लहरींवर आधी हिशेब ताडून घेतात. हे कंप इतके बारीक, की बहुतेकांची तीव्रता शून्याच्याही खाली, ऋण आकड्यांत जाते.

सत्तरच्या दशकात अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी न्यू मेक्सिकोतल्या फेंटन हिलला, उष्णता काढण्यासाठी पाणी दाबलेल्या तप्त ग्रॅनाइटमध्ये असे कान लावले. पुढच्या मोठ्या प्रयोगात थाळीसारख्या एकाच भेगेऐवजी ठिपक्यांचा जाडजूड ढग दिसला, कारण पाणी जुन्याच सांध्यांत शिरत होतं. २००० च्या सुमारास टेक्सासच्या बार्नेट शेल या वायू धरणाऱ्या चिखलखडकाच्या थरातही दोन पंखांऐवजी भेगांचं रुंद जाळं उमटलं आणि विहिरी कशा आखायच्या, याचा विचारच बदलला.

पण हे नकाशे वाचताना घाई नको. ठिपका म्हणजे खडक सरकल्याची जागा. भेगेला टेकू म्हणून पाण्यासोबत सोडलेली वाळू तिथे पोचली का, भेग उघडी राहिली का, हे त्यावरून कळत नाही. पंपाने ओतलेल्या ऊर्जेचा फार थोडा अंश कंपांत येतो, आणि भेगेचा बराच भाग आवाज न करताच उघडतो.