साडेसात हजार डॉलरचं कर्ज आणि गेंड्यांची मोजणी: संवर्धन-वित्तातलं करिअर कसं घडत गेलं

संवर्धन-वित्त, म्हणजे कन्झर्व्हेशन फायनान्स, या क्षेत्रातली नोकरीची जाहिरात पहिल्यांदा वाचली की गोंधळ उडतो. एका ओळीत रोखे (बाँड) आणि प्रकल्प-कर्जांचा अनुभव मागितलेला असतो, पुढच्याच ओळीत पाणथळ जागांची किंवा प्रवाळांची जाण. असा माणूस कुठल्या कॉलेजात तयार होतो? खरं तर कुठल्याच नाही. इथली पदं कुणी आधी कागदावर आखली आणि मग भरली, असं झालेलं नाही. आधी एखादा व्यवहार झाला, तो निभावताना कुणाची तरी उणीव भासली आणि त्या उणिवेचं पुढे पद झालं. म्हणून या वाटेने जायचं असेल तर हे व्यवहार एकामागून एक कसे घडले ते पाहायला हवं.

निसर्गासाठी हक्काचा पैसा उभा करण्याचे प्रयत्न तसे जुने आहेत. १९३४ साली अमेरिकेत बदकांची शिकार करणाऱ्यांना १ डॉलरचं तिकीट घेणं सक्तीचं झालं आणि त्या पैशातून पाणथळ जमिनी राखल्या जाऊ लागल्या. पहिल्या तिकिटावरचं चित्र डिंग डार्लिंग या व्यंगचित्रकाराने काढलं होतं. १९३७ मध्ये बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचं उत्पन्न वन्यजीवांच्या कामाकडे वळवणारा कायदा आला. कल्पना चांगली होती आणि ती टिकलीही. पण हा सगळा एकदा खर्च झाला की संपणारा पैसा होता. त्याला वित्त म्हणायला माझं मन धजत नाही.

मला सुरुवात १९५५ मध्ये दिसते. न्यूयॉर्क आणि कनेटिकट यांच्या सीमेजवळ माएनस नावाच्या छोट्या नदीची एक घळ आहे, जुन्या हेमलॉक वृक्षांची. तिथली ६० एकर जमीन विकली जाणार होती. ती वाचवायला आसपासच्या काही लोकांनी समिती केली आणि स्वतःच्या विमा पॉलिसी तारण ठेवल्या. तेव्हा जेमतेम चार वर्षांच्या असलेल्या नेचर कॉन्झर्व्हन्सी या संस्थेने त्यांना ७,५०० डॉलर दिले. देणगी म्हणून नव्हे, कर्ज म्हणून. अट एकच होती: पैसे फेडायचे, म्हणजे तेच पैसे दुसरी जमीन वाचवायला वापरता येतील. रक्कम किरकोळ, पण त्या अटीने प्रश्न बदलला. देणगीदाराला विचारायचं असतं, ‘किती देता?’ कर्ज देणाऱ्याला सांगावं लागतं, ‘परत कुठून येणार?’ या क्षेत्रातल्या मुलाखतींत आजही आडवळणाने यातला दुसरा प्रश्नच विचारला जातो.

पुढची तीसेक वर्षं या दिशेने फार काही घडलं नाही. मग लॅटिन अमेरिकेतले देश कर्जात बुडाले. पैसे परत येण्याची आशा सुटल्यावर बँका ती कर्जं पडत्या भावाने एकमेकांना विकू लागल्या. ऑक्टोबर १९८४ मध्ये थॉमस लव्हजॉय या जीवशास्त्रज्ञाने न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहून सुचवलं की देशांचं कर्ज हलकं करावं आणि त्या बदल्यात त्यांनी आपली जंगलं राखावीत. तीन वर्षांनी हे प्रत्यक्षात उतरलं. नुकतीच स्थापन झालेली कन्झर्व्हेशन इंटरनॅशनल ही संस्था बाजारात गेली आणि बोलिव्हियाचं साडेसहा लाख डॉलरचं कर्ज तिने एक लाखाला विकत घेऊन रद्द केलं. बदल्यात बोलिव्हिया सरकारने बेनी राखीव क्षेत्राभोवतीचा सुमारे १५ लाख हेक्टर प्रदेश जपण्याचं आणि अडीच लाख डॉलर मोलाचा निधी स्थानिक चलनात उभारण्याचं कबूल केलं.

कागदावर हा सौदा सुरेख दिसतो. जमिनीवर तो लंगडला. आपली भूमी परकीयांना विकली, अशी हाकाटी देशात झाली. कबूल केलेला निधी वेळेवर मिळाला नाही. सर्वात मोठी चूक अशी की ज्या त्सिमाने आदिवासींचं ते घर, त्यांना कुणी विचारलंच नव्हतं, आणि त्यांच्या जंगलात लाकूडतोडीचे परवाने चालूच होते. १९९० मध्ये बेनीतले आदिवासी आपल्या भूमीचा हक्क मागत त्रिनिदाद शहरापासून ला पाझपर्यंत पायी चालत गेले. आज मोठ्या निधीच्या प्रत्येक प्रकल्पात स्थानिक लोकांची संमती आणि हक्क पाहणारा माणूस असतो. नवखे लोक या पदाला ‘मऊ’ काम समजतात आणि आकडेमोडीच्या मागे धावतात. माझ्या मते व्यवहार बुडतो तो बहुतेक वेळा इथेच, एक्सेलच्या तक्त्यात नव्हे.

कर्जाच्या अशा अदलाबदलीतून आलेला पैसा ठेवायचा कुठे, हा पुढचा प्रश्न होता. सरकारी तिजोरीत टाकला तर तो दुसरीकडे वळायची भीती. त्यातून स्वतंत्र न्यास-निधी (ट्रस्ट फंड) आले. १९९१ मध्ये जागतिक पर्यावरण सुविधा, म्हणजे जीईएफ, सुरू झाली आणि तिच्या मदतीने १९९० च्या दशकात भूतान, पेरू, मेक्सिको असे अनेक ठिकाणी निधी उभे राहिले. बऱ्याच ठिकाणी रीत अशी की मुद्दल मोडायचं नाही, उत्पन्नावर वनरक्षकांचे पगार, गस्तीची वाहनं, रोपवाटिका चालवायच्या. तिथे मग गुंतवणुकीचं धोरण ठरवणारा, परताव्याचा हिशेब ठेवणारा आणि अनुदानाचे अर्ज तपासणारा माणूस लागू लागला. आजही या क्षेत्रात शिरायचा सर्वात कमी गाजावाजा असलेला रस्ता हाच आहे, आणि शिकायला मिळतं ते सगळ्यात जास्त.

त्याच दशकात दुसरा एक धागा सुरू झाला, निसर्गाच्या कामाला किंमत लावण्याचा. १९९७ मध्ये रॉबर्ट कोस्टान्झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगातल्या परिसंस्था माणसाला देत असलेल्या सेवांचं मोल वर्षाला सरासरी ३३ लाख कोटी डॉलर काढलं. अर्थशास्त्रज्ञांनी त्या आकड्यावर सडकून टीका केली, आणि ती रास्त होती. ज्याच्याशिवाय जगणंच शक्य नाही त्याची एकूण किंमत काढायची कशी? पण आकडा लोकांच्या डोक्यात बसला. मला मात्र त्याच वर्षीचा एक साधा करार जास्त बोलका वाटतो. न्यूयॉर्क शहराचं बरंचसं पिण्याचं पाणी कॅट्सकिल डोंगरांतून येतं. ते गाळायला प्रचंड प्रकल्प बांधायचा तर ६ ते ८ अब्ज डॉलर लागतील, असे अंदाज होते. शहराने त्याऐवजी पाणलोट क्षेत्रातल्या गावांशी आणि शेतकऱ्यांशी करार केला: जमिनी विकत घेणं, गोठ्यांचं सांडपाणी आवरणं, सेप्टिक टाक्या दुरुस्त करणं. खर्च त्या अंदाजाच्या मानाने थोडका. इथे ‘परत कुठून येणार’ याचं उत्तर होतं वाचलेला खर्च, आणि तो खर्च कुणाच्या खिशातून जाणार होता हे नेमकं ठाऊक होतं. सेप्टिक टाकीत मोहक काही नाही. पण दर महिन्याला पाण्याचं बिल भरणारा ग्राहक समोर असला की धनको नीट ऐकून घेतो.

कोस्टा रिकाने १९९६ च्या वनकायद्यातून जंगल राखणाऱ्या जमीनमालकांना पैसे द्यायला सुरुवात केली आणि त्यासाठी इंधनावरच्या करातला वाटा बाजूला काढला. एकेकाळी झपाट्याने घटलेलं तिथलं वनाच्छादन आता देशाच्या निम्म्याहून अधिक भूभागावर आहे. याचं श्रेय सगळं त्या पैशांना देण्याचा मोह होतो. पण त्याच कायद्याने जंगल तोडून जमिनीचा वापर बदलायला बंदी घातली होती आणि गुरं पाळण्याचा धंदाही तोट्यात चालला होता. कुठल्या कारणाने किती फरक पडला हे वेगळं काढणं, हाच आज प्रभाव-मूल्यमापन करणाऱ्यांचा पेशा आहे. अमेरिकेत दरम्यान पाणथळ जागांच्या ‘बँका’ रुजल्या. बांधकामासाठी कुणी एक दलदल बुजवली तर त्याने दुसरीकडे आधीच उभ्या केलेल्या दलदलीचं क्रेडिट, म्हणजे भरपाईचा हिस्सा, विकत घ्यायचं. १९९५ मध्ये सरकारी मार्गदर्शन आलं, २००८ च्या नियमाने अशा बँकांना झुकतं माप दिलं. क्रेडिट सगळं एकदम मिळत नाही. पाणी ठरल्याप्रमाणे साचतं का, लावलेली झाडं जगली का, हे तपासून टप्प्याटप्प्याने सुटतं. परिसंस्था-शास्त्राची पदवी घेतलेला माणूस व्यापारी झाला तो इथे.

कार्बन-क्रेडिटची (एकीकडच्या धुराची भरपाई दुसरीकडच्या झाडांनी करण्याची) गोष्ट सगळ्यांना माहीत असते, म्हणून थोडक्यात. १९८८ मध्ये एईएस या वीज कंपनीने अमेरिकेतल्या आपल्या कोळशाच्या वीजकेंद्राच्या धुराची भरपाई म्हणून ग्वाटेमालात वृक्षलागवडीला पैसे दिले. जंगल न तोडण्याच्या बदल्यात क्रेडिट, ही कल्पना २००५ पासून हवामान वाटाघाटींत शिरली. सल्लागार, पडताळणी करणारे, दलाल यांची फौज उभी राहिली. २०२३ मध्ये सायन्स या नियतकालिकातल्या अभ्यासाने दाखवलं की तपासलेल्या बहुतेक प्रकल्पांनी जंगलतोड फारशी कमी केलेली नव्हती. त्याच सुमारास बाजारावरचा विश्वास डळमळला आणि भाव पडले. केवळ या एका बाजारावर ज्यांनी करिअर बांधलं होतं, त्यांना ते वर्ष जड गेलं.

खरी कलाटणी मिळाली ती बँकवाले आत आल्यावर. २०१४ मध्ये नेचर कॉन्झर्व्हन्सीने जेपी मॉर्गन चेसच्या पाठबळावर नेचरव्हेस्ट हा गुंतवणूक विभाग काढला. २०१८ मध्ये सेशेल्सने जगातला पहिला सार्वभौम निळा रोखा, म्हणजे समुद्राच्या कामासाठी देशाने स्वतः काढलेला रोखा, आणला, फक्त दीड कोटी डॉलरचा, तोही जागतिक बँकेची हमी आणि जीईएफचं सवलतीचं कर्ज यांच्या टेकूवर. २०२१ मध्ये बेलीझने आपला ५५ कोटी ३० लाख डॉलरचा रोखा, डॉलरमागे ५५ सेंट मोजून, परत घेतला आणि समुद्राचा ३० टक्के भाग संरक्षित करण्याचं वचन दिलं. २०२३ मध्ये गालापागोससाठी इक्वेडोरने अशाच मार्गाने १.६ अब्ज डॉलरचे रोखे परत घेतले. बोलिव्हियाच्या साडेसहा लाखांशी तुलना करून पाहा. कल्पना लव्हजॉयचीच, पण आता तिच्याभोवती राजकीय जोखमीचा विमा आहे, पतमानांकन आहे, वकिलांच्या तीन-चार फर्म आहेत. टीकाकार विचारतात की एवढ्या मध्यस्थांचं शुल्क वजा जाता समुद्राच्या पदरात काय पडतं. प्रश्न बिनतोड आहे. हे शुल्क वाचता येणारा माणूस संवर्धनाच्या बाजूला बसलेला असावा लागतो, आणि तो सहजी मिळत नाही.

डिसेंबर २०२२ मध्ये मॉन्ट्रियलला झालेल्या जैवविविधता करारात २०३० पर्यंत वर्षाला किमान २०० अब्ज डॉलर उभे करण्याचं उद्दिष्ट ठरलं. नेमणुका वाढल्या आहेत. ‘पैसा नाही’ ही तक्रार या वर्तुळात तुलनेने कमी ऐकू येते. जास्त ऐकू येतं ते, पैसा घ्यायच्या लायकीचे प्रकल्प नाहीत. याचा अर्थ, एखाद्या खारफुटीच्या पट्ट्यातून दहा वर्षांत कुणाला, कधी, किती मिळेल हे कोऱ्या कागदावर मांडणारी माणसं कमी आहेत. बँकेतून आलेल्याला खारफुटी किती सावकाश वाढते हे पटत नाही. जंगलातून आलेला सूट-दर (पुढे मिळणाऱ्या पैशाची आजची किंमत काढायचा दर) हा शब्द ऐकून बिथरतो. दोघांपैकी कुणीही चालेल, दुसऱ्या बाजूला निदान दोन वर्षं काढलेली असली म्हणजे झालं.

मार्च २०२२ मध्ये जागतिक बँकेने काढलेल्या गेंडा-रोख्यात हे सगळे धागे एकत्र दिसतात. १५ कोटी डॉलर, मुदत पाच वर्षं. गुंतवणूकदारांना दरवर्षीचं व्याज नाही. त्याऐवजी दक्षिण आफ्रिकेतल्या अ‍ॅडो आणि ग्रेट फिश रिव्हर या दोन क्षेत्रांना काळे गेंडे जपण्यासाठी सुमारे १ कोटी डॉलर दिले जातात. मुदत संपताना मुद्दल परत, शिवाय गेंडे किती दराने वाढले त्यावर जीईएफकडून बक्षीस, जास्तीत जास्त १ कोटी ३७ लाख ६० हजार डॉलर. वाढ झाली नाही तर बक्षीस शून्य. मोजणी लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीने पडताळायची.

आता काळा गेंडा हा एकलकोंडा प्राणी, काटेरी झुडपांत दडणारा. ओळख पटावी म्हणून त्यांच्या कानांच्या कडांना ठरावीक जागी खाचा पाडलेल्या असतात. गस्तीवरचा माणूस दुर्बिणीतून डावा कान, उजवा कान पाहतो आणि वहीत नोंद करतो. एकच मादी दोनदा मोजली गेली तर तिची किंमत आता डॉलरमध्ये निघते.