वाणीनिर्मिती

मनातला आशय शब्दांत आणि शब्द उच्चारांत उतरण्याची प्रक्रिया. ओघात बोलणारा माणूस सेकंदाला साधारण दोन-तीन शब्द बोलतो, त्यामुळे त्यामागची मांडणी त्याच्या स्वतःच्याही ध्यानात येत नाही. डच मानसभाषाशास्त्रज्ञ विलेम लेव्हेल्ट यांनी १९८९ मध्ये तिचे तीन टप्पे मांडले : काय सांगायचे ते ठरणे, त्याला भाषेचे रूप मिळणे आणि उच्चार. दुसऱ्या टप्प्यात शब्दाचा अर्थ व व्याकरण आधी हाती लागते, ध्वनी मागून येतो.

अर्थ आणि ध्वनी यांतली ही फट विदर्भातल्या कुठल्याही ओसरीवर दिसते. भाजी निवडता निवडता आजी अडखळते : "काय म्हंतेत बाप्पा तिले... पयल्या पान्याची भाजी... 'त'वरून हाये." पान, चव, सुरुवातीचे अक्षर, सगळे तिच्यापाशी आहे, 'तरोटा' तेवढा येत नाही. शब्द असा ओठांवर अडतो तेव्हा पहिला ध्वनी वा अक्षरांची संख्या पुष्कळदा आठवते, हे ब्राउन आणि मॅकनील या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये प्रयोगाने दाखवले. वयानुसार असे अडणे वाढते.

चुकाही बोलक्या असतात. 'वावरात बैल' म्हणताना घाईत 'बावरात वैल' झाले, तर फक्त ध्वनींची अदलाबदल होते. 'बैलात वावर' झाले, तर शब्द जागा बदलतात, पण '-त' हा प्रत्यय जागचा हलत नाही. म्हणजे वाक्याचा साचा आधी उभा राहतो, शब्द त्यात नंतर बसतात. वऱ्हाडी मुलाला तर एकाच अर्थाची दोन रूपे सांभाळावी लागतात : घरी 'डोया' आणि 'मले', शाळेत 'डोळा' आणि 'मला'. त्याच्या वऱ्हाडीला अशुद्ध म्हणणाऱ्यांनी हे कसब पाहायला हवे.

मेंदूच्या, बहुधा डाव्या, भागाला इजा झाल्यास वाचाघात, म्हणजे बोलण्याची वा भाषा समजण्याची क्षमता कमी होणे, होऊ शकतो. फ्रेंच शल्यचिकित्सक पॉल ब्रोका यांच्या १८६१ च्या रुग्णाला जवळपास 'तां' एवढेच बोलता येई, मात्र बोललेले बरेचसे समजे. लकव्यानंतर वाचा गेलेल्या माणसाची बुद्धीही गेली असे गावात सर्रास धरले जाते, आणि त्याच्यादेखत त्याच्याविषयी बोलले जाते. हा अन्याय आहे. 'पानी' म्हणता न येणारे काही रुग्ण खंजिरीवर पाठ असलेले भजन म्हणू शकतात. अशा माणसाला त्याच्याच बोलीत, हो-नाही उत्तराचे प्रश्न विचारावेत : "पानी पाह्यजे काय?" आणि मान हलेपर्यंत थांबावे.